मुन्सफाच्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे सर्रास वापरली जाते. ज्यांनी ही म्हण केली त्यांना कोर्टाची गरज पडली नसावी. गावचे पाणी, गावची जमीन आणि गावची पंचायत ज्यांच्या हातात होती त्यांना पायरी चढण्याचे कारणच काय? आपल्या समाजाला मात्र पाण्याच्या एका ओंजळीसाठी कोर्टात उभे राहावे लागले, आणि तेही जवळजवळ दहा वर्षे.

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचा ठरला, तेव्हा सवर्णांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला आणि तिथल्या न्यायाधीशाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. २५ डिसेंबरला त्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. पण हजारो माणसे जमलेली असतानाही बाबासाहेबांनी तळ्यावर जाणे थांबवले. दाव्याचा शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याचा परंपरागत हक्क सवर्णांना सिद्ध करता आला नाही.

हा इतिहास आपल्या घराघरांत मुलांना पाठ आहे. त्यातली एक बाब मात्र नजरेआड होते. हजारोंचा मोर्चा ज्या कागदाने थांबला, तो कागद दिल्लीच्या किंवा मुंबईच्या मोठ्या न्यायमूर्तीचा नव्हता. तो एका तालुक्याच्या गावातल्या दिवाणी न्यायाधीशाचा होता. गरीब माणसाची आणि न्यायाची पहिली गाठ पडते ती याच खुर्चीशी. पोटगी असो, घराचा ताबा असो, नवऱ्याने हाकलून दिलेले असो किंवा पोलीस चौकीत न घेतलेली तक्रार असो, सुरुवात तिथूनच होते. वर सर्वोच्च न्यायालयात कोण बसले आहे याची बातमी पेपरात येते. खाली कोण बसले आहे ते मात्र आपल्याला तारखेच्या दिवशी समजते.

म्हणूनच भारतातल्या पहिल्या महिला न्यायाधीशाची कथा वाचताना मला एका गोष्टीचे विशेष वाटले. ही बाई न्यायाधीश झाली ती नेमक्या याच खालच्या खुर्चीवर, आणि तेही त्याच १९३७ सालात.

बाई ‘व्यक्ती’ आहे काय?

त्याआधीची पंधरा-वीस वर्षे समजून घेतली पाहिजेत. बाईला वकिलीची सनदच मिळत नव्हती, मग न्यायाधीश होणे दूरच. आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. ऑक्सफर्डला जाऊन १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. ती पदवी प्रत्यक्ष हातात पडायला तीस वर्षे गेली, कारण तिथे बायकांना पदवी देत नसत. राजकारणात त्या इंग्रजांच्या बाजूच्या होत्या, ते आपल्याला पटणारे नाही. पण दार ठोठावणाऱ्या त्या पहिल्या होत्या हे नाकारता येणार नाही.

१९१६ साली कलकत्त्यात रेजिना गुहा या तरुणीने वकिलीसाठी अर्ज केला. कायद्याची पदवी होती, लायकीबद्दल कुणाचा आक्षेप नव्हता. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तो अर्ज फेटाळला. कारण काय, तर कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द आहे आणि त्या शब्दात बाई येत नाही! पुढे पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांच्या बाबतीतही तेच घडले. आपल्या लोकांना हे वाचून नवल वाटणार नाही. माणूस असूनही माणसात न धरणे म्हणजे काय हे आपल्या आजा-पणजांनी गावकुसाबाहेर राहून भोगलेलेच आहे.

अखेर १९२३ साली कायदा झाला आणि केवळ बाई आहे म्हणून सनद नाकारता येणार नाही असे ठरले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी मुंबई हायकोर्टात बॅरिस्टर म्हणून काम सुरू केले. सनदेचे पैसे भरायलाही त्यांच्याजवळ रक्कम नव्हती, ती मित्र नवल भथेना यांनी दिली. आणि त्याच हायकोर्टात साधारण त्याच सुमारास मिठन टाटा, लग्नानंतरच्या मिठन लाम, या पहिल्या महिला वकील म्हणून उभ्या राहिल्या. त्यांच्या पहिल्या अशिलाची गोष्ट सांगितली जाते. त्याची बाजू इतकी भक्कम होती की कुठल्याही वकिलाने दावा जिंकला असता. पण बाईकडून हरल्याची नामुष्की प्रतिपक्षाच्या पदरी पडावी म्हणून तो मुद्दाम त्यांच्याकडे आला! म्हणजे काम मिळाले तेही बाईपणाची चेष्टा म्हणूनच. त्यांनी ते केले, आणि पुढेही करीत राहिल्या.

ॲना चंडी

आता दक्षिणेकडे जाऊ. त्रावणकोर संस्थान म्हणजे आजच्या केरळचा दक्षिण भाग. वैकमच्या देवळाभोवतीचे रस्तेसुद्धा अस्पृश्यांना बंद होते आणि त्यासाठी १९२४ साली सत्याग्रह झाला, ते हे संस्थान. तिथल्या एका सिरियन ख्रिस्ती घरात १९०५ साली ॲना चंडी यांचा जन्म झाला. १९२६ च्या सुमारास त्यांनी कायद्याची पदवी घेतली. संस्थानात ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्याच. १९२९ पासून त्या कोर्टात उभ्या राहू लागल्या आणि फौजदारी खटले चालवू लागल्या.

त्या काळी तिथे एक वाद पेटला होता. बायकांना सरकारी नोकऱ्या द्याव्यात की नाहीत? टी. के. वेलू पिल्लै नावाचे मोठे प्रतिष्ठित विद्वान त्रिवेंद्रमच्या सभेत बायकांच्या नोकरीविरुद्ध बोलणार होते. ॲना चंडी तेव्हा कोट्टायमला होत्या. बातमी लागताच त्या तातडीने त्रिवेंद्रमला पोहोचल्या आणि उभ्या सभेत त्यांनी पिल्लै यांचा एकेक मुद्दा कोर्टात उलटतपासणी घ्यावी तसा खोडून काढला. बाई नोकरीला लागली की घर मोडते आणि पुरुषांच्या जागा जातात, हे मुद्दे काही नवे नव्हते आणि आजही ते जुने झालेले नाहीत. आपल्यातल्या कितीतरी भगिनींनी ते सासरच्या ओट्यावर ऐकले असतील.

१९३० च्या सुमारास त्यांनी ‘श्रीमती’ नावाचे मासिक काढले. स्त्रियांची मजुरी, विधवांची स्थिती, लग्नातले हक्क यांवर त्या लिहीत. त्यांची एक मागणी तर ऐकणाऱ्याला दचकवणारी होती. त्रावणकोरात बायकांना फाशीची शिक्षा होत नसे. ॲना चंडी म्हणत, ही सवलत नको. हक्क सारखे मागायचे तर जबाबदारीही सारखी घेतली पाहिजे. मला स्वतःला फाशीची शिक्षाच मान्य नाही, त्यामुळे हा मुद्दा पटत नाही; पण दयेचा तुकडा नको, बरोबरीचा हक्क हवा, हा त्यामागचा ताठपणा मात्र आपल्या चळवळीला ओळखीचा आहे. बायकोच्या मर्जीविरुद्ध नवऱ्याला तिच्यावर हक्क देणाऱ्या कायद्यावरही त्यांनी टीका केली. हे जवळजवळ नव्वद-पंचाण्णव वर्षांपूर्वीचे आहे हे लक्षात घ्यावे.

१९३१ साली त्या संस्थानच्या श्रीमूलम सभेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. मग जे व्हायचे तेच झाले. त्यांच्या मतांवर कुणी बोलेना. चारित्र्यावर बोलू लागले. भिंतींवर घाणेरडा मजकूर लिहिला गेला, दिवाणाशी आणि बड्या अधिकाऱ्यांशी नाव जोडले गेले. त्या हरल्या. पण तोंड लपवून घरी बसल्या नाहीत. आपल्या मासिकात त्यांनी या प्रचाराचा जाहीर निषेध केला, पुढच्या वर्षी पुन्हा उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. वस्तीत काम करणारी कुठलीही भगिनी, मग ती महिला मंडळाची अध्यक्ष असो की नगरसेविका, हे वाचून मान डोलावील. बाई पुढे आली की पहिला दगड तिच्या अब्रूवरच येतो.

१९३७ साली दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी ॲना चंडी यांना मुन्सफ नेमले. भारतात न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेली ही पहिली बाई. चवदार तळ्याचा निकाल लागला त्याच वर्षी ही नेमणूक झाली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण एकीकडे पाण्यावर माणसाचा हक्क आणि दुसरीकडे न्यायाच्या खुर्चीवर बाईचा हक्क, हे एकाच सालात कागदावर आले याचे मला तरी अप्रूप वाटते.

मुन्सफ म्हणजे न्यायालयाच्या शिडीची सर्वांत खालची पायरी. तिथे अकरा वर्षे घालवून १९४८ साली त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या. पुढे केरळ राज्य झाले आणि ९ फेब्रुवारी १९५९ रोजी त्या केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या. देशातली पहिली महिला हायकोर्ट न्यायमूर्ती! ज्या इंग्लंडकडून आपण कोर्ट-कचेरी घेतली तिथे पहिली बाई हायकोर्टात बसली ती १९६५ साली, म्हणजे आपल्यानंतर सहा वर्षांनी. १९६७ साली ॲना चंडी निवृत्त झाल्या, नंतर कायदा आयोगावर राहिल्या, आत्मकथा लिहिली आणि १९९६ साली त्यांचे निधन झाले.

फातिमा बिवी आणि त्यांचे वडील

त्याच त्रावणकोरात पत्तनमतिट्टा गावी १९२७ साली एम. फातिमा बिवी यांचा जन्म झाला. वडील मीरा साहेब हे सरकारी नोकर. घरात आठ भावंडे, त्यात फातिमा थोरल्या. मुलगी बी.एस्सी. झाली आणि तिला रसायनशास्त्रातच पुढे शिकायचे होते. वडिलांनी मात्र सांगितले, तू कायदा शिक. कारण त्यांच्यासमोर ॲना चंडी यांचे उदाहरण होते.

माझ्या मते या सगळ्या कथेतली सर्वांत मोलाची जागा हीच. एक ख्रिस्ती बाई मुन्सफाच्या खुर्चीवर बसते. तिला पाहून एका मुसलमान सरकारी नोकराच्या मनात येते की माझीही मुलगी तिथे बसू शकेल. हा विचार त्याच्या मनात आला नसता तर फातिमा बिवी कुठल्यातरी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या असत्या. कुणीतरी आपल्या डोळ्यांनी पाहावे लागते. आपल्या समाजात पहिला साहेब, पहिला डॉक्टर, पहिली मास्तरीण झाली तेव्हा त्या चाळीतल्या बाकीच्या घरांत काय घडले ते आठवून पाहा.

१९५० साली बार कौन्सिलच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि सुवर्णपदक मिळवले. हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला सनद घेऊन कोल्लमच्या कोर्टात त्या डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहू लागल्या, तेव्हा बघणाऱ्यांच्या भुवया उंचावल्या. १९५८ साली त्या मुन्सफ झाल्या. १९६८ ला सब-जज्ज, १९७२ ला मुख्य न्यायदंडाधिकारी, १९७४ ला जिल्हा व सत्र न्यायाधीश, १९८० ला आयकर न्यायाधिकरणाच्या सदस्य, १९८३ ला केरळ हायकोर्ट. शिडीची एकही पायरी त्यांना गाळता आली नाही. एप्रिल १९८९ मध्ये त्या हायकोर्टातून निवृत्त झाल्या आणि ६ ऑक्टोबर १९८९ रोजी त्यांची सर्वोच्च न्यायालयात नेमणूक झाली. १९५० साली सर्वोच्च न्यायालय सुरू झाले. तिथे पहिली बाई बसायला एकोणचाळीस वर्षे लागली.

तिथे त्यांना अडीच वर्षांचाच काळ मिळाला. त्यांचा १९९१ सालचा एक निकाल आपल्या वाचकांनी माहीत करून घेण्यासारखा आहे. कर्नाटकातील अनुसूचित जाती व दुर्बल घटकांच्या एका संस्थेने हा दावा नेला होता. सरकारने काही भाग झोपडपट्टी म्हणून जाहीर केले होते. मग त्यांपैकी काही भाग नव्या अधिसूचनेने वगळून टाकले, आणि रहिवाशांना कुणी विचारले नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्यांच्या घरादारावर परिणाम होतो त्यांचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय असा निर्णय घेता येत नाही. हा निकाल फातिमा बिवी यांनी लिहिला. झोपडीतल्या माणसालाही ‘आधी माझे ऐका’ म्हणण्याचा हक्क आहे, एवढीच ती गोष्ट. पण ज्यांच्या पत्र्यावर महापालिकेचा हातोडा पडला आहे त्यांना ती केवढी आहे हे सांगायला नको.

पुढे त्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सदस्य आणि तमिळनाडूच्या राज्यपाल झाल्या. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मोठ्या घरच्या बाया

सगळ्याच शिडीने आल्या असे मात्र नाही. १९७८ साली मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झालेल्या सुजाता मनोहर यांचे वडील गुजरात हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्या ऑक्सफर्डला शिकल्या. लीला सेठ यांनीही बॅरिस्टरची परीक्षा लंडनला दिली आणि १९५८ साली त्या तिथे पहिल्या आल्या. अशा घरांतल्या बायकांना पुस्तके, ओळखी, इंग्रजी हे सारे घरातच असते, हे मान्य केले पाहिजे. तरीही दार त्यांच्यासाठीही आपोआप उघडले नाही. लीला सेठ कलकत्त्याच्या एका नामांकित बॅरिस्टरकडे शिकाऊ म्हणून गेल्या तेव्हा त्याने सांगितले, वकिली कशाला, लग्न कर. त्या म्हणाल्या, लग्न झाले आहे. मग मूल होऊ दे. मूल आहे. एकच मूल बरे नव्हे, दुसरे होऊ दे. त्या म्हणाल्या, दोन आहेत. तेव्हा कुठे त्या गृहस्थाने हात टेकले आणि त्यांना घेतले! १९७८ साली त्या दिल्ली हायकोर्टात आणि १९९१ साली हिमाचल प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या. देशातल्या कुठल्याही हायकोर्टाची ही पहिली महिला मुख्य न्यायमूर्ती.

या दोघींच्या नावाशी जोडलेली दोन कामे आपल्या घरापर्यंत आलेली आहेत.

पहिले काम वारसा हक्काचे. हिंदू कोड बिलात मुलीला वाटा मिळावा म्हणून बाबासाहेब झगडले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हे बिल रखडवल्याचे दुःख मोठे होते. पुढे १९५६ चा वारसा कायदा झाला, पण वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीने धरली गेली नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आपल्यापुरती दुरुस्ती केली. सबंध देशासाठी ही बरोबरी करावी असा अहवाल २००० साली कायदा आयोगाने दिला. त्या आयोगावर लीला सेठ होत्या. तो बदल २००५ साली कायद्यात आला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, त्याच्या कलम २ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. गावाकडच्या घरात बहिणीकडून हक्कसोड पत्रावर अंगठा घेण्यापूर्वी भावांनी हे लक्षात ठेवले तर बरे होईल.

दुसरे काम भंवरीदेवीच्या नावाचे. राजस्थानातल्या भटेरी गावची ही कुंभार समाजाची बाई सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करायची. एका गुज्जर घरातला तान्ह्या मुलीचा बालविवाह थांबवण्याचा तिने प्रयत्न केला, म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ साली खालच्या कोर्टाने आरोपींना सोडले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावणार नाहीत, असा तर्क त्या निकालात होता. आपल्या आया-बहिणींनी पिढ्यानपिढ्या जे सोसले ते कोर्टाच्या कागदावर असे पुसले गेले.

महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या पीठाने ‘विशाखा’ निकाल दिला. कामाच्या जागी बाईचा छळ होऊ नये यासाठी तक्रार समिती असावी, तिची प्रमुख बाई असावी आणि निम्मे सदस्य तरी महिला असाव्यात, असे नियम घालून दिले. निकाल सरन्यायाधीशांनी लिहिला हे खरे. पण त्या पीठावर एक बाई बसलेली होती हेही खरे. २०१३ साली त्याचा कायदा झाला, आणि दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे समिती सक्तीची झाली. मी स्वतः कचेरीत कारकुनी करते. भिंतीवर त्या समितीच्या सदस्यांची नावे लावलेली असतात, त्याखाली भंवरीदेवीचे नाव कुठेच नसते. तिचे स्वतःचे अपील मात्र वर्षानुवर्षे हायकोर्टात पडून राहिले.

आपल्यातली कोण?

२०२५ संपेपर्यंत सर्वोच्च न्यायालयात अडीचशेहून अधिक न्यायमूर्ती होऊन गेले. त्यांत महिला अकरा. त्यांतील न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना ज्येष्ठतेच्या क्रमाने २०२७ साली सरन्यायाधीश होतील, तेही जेमतेम महिनाभरासाठी. आणि या अकरा जणींत अनुसूचित जातीची किंवा जमातीची एकही नाही.

१४ मे २०२५ रोजी अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई सरन्यायाधीश झाले. दादासाहेब गवईंचे चिरंजीव, देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश. विहाराविहारांतून पेढे वाटले गेले आणि ते योग्यच होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते निवृत्त झाले. पण त्या पेढ्यांच्या गोडीत एका निकालाकडे आपले दुर्लक्ष झाले. २० मे २०२५ रोजी, म्हणजे शपथविधीनंतर सहाव्या दिवशी, त्यांच्याच पीठाने सांगितले की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक राहील. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेच ही अट काढली होती, ती परत आली.

यामागचा युक्तिवाद खोटा नाही. कॉलेजातून थेट खुर्चीवर बसलेल्या तरुणांना अनुभव नसतो, वकिलांशी आणि पक्षकारांशी कसे वागावे ते कळत नाही, असे उच्च न्यायालयांनी कळवले होते. गवई साहेबांबद्दल पूर्ण आदर राखून मला एवढेच विचारावेसे वाटते, की ही तीन वर्षे खायचे काय? बी.कॉम. होऊन तीन वर्षांची एलएल.बी. केली की मुलगी चोवीस वर्षांची होते. आणखी तीन वर्षे धरली की सत्तावीस. वकिलाकडे ज्युनियर राहणाऱ्या पोरांना किती ठिकाणी जाण्यायेण्याचे भाडेसुद्धा सुटत नाही हे सर्वांना माहीत आहे. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली, पण ती शिफारसच, सक्ती नाही. ज्याच्या बापाचे चेंबर आहे त्याला ही तीन वर्षे म्हणजे घरचीच शिकवणी. सफाई कामगाराच्या, रिक्षावाल्याच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीला ती तीन वर्षे म्हणजे आईवडिलांच्या डोळ्यांतला प्रश्न आणि नातेवाइकांनी आणलेली स्थळे.

हायकोर्टात आणि सर्वोच्च न्यायालयात राखीव जागा नाहीत. खालच्या न्यायालयात परीक्षा आहे, आणि अनेक राज्यांत राखीव जागाही आहेत. म्हणजे चेंबर नसलेल्या घरातल्या मुलीसाठी ॲना चंडी आणि फातिमा बिवी ज्या दाराने आत गेल्या तेच दार आहे. त्या दाराला आता तीन वर्षांचा उंबरठा आला. तो कसा ओलांडायचा हे आपल्यालाच ठरवावे लागेल.

काही गोष्टी हातातल्या आहेत. त्याच निकालात म्हटले आहे की तीन वर्षे सनद हंगामी मिळाल्यापासून मोजली जातील, म्हणून निकाल लागताच नोंदणीचा अर्ज करावा, महिने दवडू नयेत. न्यायाधीशांकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही अनुभवात धरले जाईल. तिथे मानधन मिळते. अनुभवाच्या दाखल्यावर किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाची सही लागते आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा लागतो, किंवा थेट मुख्य न्यायिक अधिकाऱ्याचा दाखला लागतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून कुठल्या तारखेला कुठल्या कोर्टात हजर होतो याची वही ठेवावी. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीच्या लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत अटी नीट वाचाव्यात.

आणि विहार समित्यांनी? जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर एका रात्रीत जेवढे पैसे जातात तेवढ्यात एका मुलीचा वर्षभराचा प्रवास आणि पुस्तके होतात. हे मी पूर्वीही बोलले आहे आणि शिव्या खाल्ल्या आहेत, तरी पुन्हा लिहिते. आपल्यात आता वकिली करणारे बांधव जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. त्यांनी दरवर्षी वस्तीतली एक मुलगी ज्युनियर म्हणून घ्यावी आणि तिला महिन्याच्या महिन्याला पैसे द्यावेत. बाबासाहेबांच्या सनदेचे पैसे एका मित्राने भरले होते.

दहावी-बारावीतल्या मुलींच्या आयांना एक सांगते. सुट्टीच्या दिवसांत लेकीला एकदा तालुक्याच्या कोर्टात घेऊन जा. बहुतेक कामकाज खुले असते, तिकीट लागत नाही, कुणाची चिठ्ठी लागत नाही. मागच्या बाकावर दोन तास बसा. पुकारा कसा होतो, साक्षीदार कुठे उभा राहतो, समोरच्या खुर्चीवर कोण बसले आहे, ते तिला बघू द्या.